ऑटोक्लेव्हचं रजिस्टर कोण लिहितं?

आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट कोल्हापूरला सीपीआरमध्ये तुम्हाला कधी टाके पडले असतील, तर तुमच्या नावाची नोंद बऱ्याच ठिकाणी झालेली असते. केसपेपर, ओटी रजिस्टर, औषधांचं इंडेंट, बिल. पण ज्या कात्रीने आणि चिमट्याने तुमचे टाके घातले, त्यांची नोंद वेगळ्याच वहीत असते. ती वही ऑटोक्लेव्हच्या खोलीत एखाद्या खिळ्याला दोरीने टांगलेली असते, किंवा टेबलाच्या खणात पडलेली असते. तारीख, लोड नंबर, आत काय घातलं, किती वाजता प्रेशर आलं, किती वाजता बंद केलं, टेपवर पट्टे उमटले का, सही. त्या वहीत तुमचं नाव नसतं. आणि तुमच्या केसपेपरवर बहुतेक वेळा लोड नंबर नसतो.

माझ्या पीएचडीचा एक अख्खा भाग या दोन कागदांमधल्या रिकाम्या जागेवर आहे. विषय काय म्हणून कुणी विचारलं आणि मी ‘निर्जंतुकीकरणाच्या नोंदींचा इतिहास’ असं सांगितलं, की समोरचा आधी थोडा गप्प होतो आणि मग म्हणतो, ‘म्हणजे आता सगळं कॉम्प्युटरवर जाणार त्याबद्दल का?’ हो, त्याबद्दलच. पण कॉम्प्युटरपर्यंत पोचायला आपल्याला सव्वाशे वर्षं मागे, परळला जावं लागेल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. ओडेशाहून पॅरिसमार्गे हिंदुस्थानात आलेले वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरपासून ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लशीवर काम करू लागले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. पुढे प्लेग दख्खनभर पसरला, कोल्हापूर संस्थानातही आला. लशीची मागणी इतकी वाढली की १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवावी लागली. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. हे नाव मात्र १९२५ चं आहे, आणि त्याआधी या माणसाचं त्याच संस्थेतून काय झालं, ते पुढे वाचा.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव. परळहून आलेल्या लशीच्या पाच बाटल्यांमधून त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना काही दिवसांतच धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ दगावले. हे सगळे जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन.

इथे क्षणभर थांबा. हे सगळे एकाच बाटलीचे, हे कळलं कसं? बाटलीला क्रमांक होता आणि कुणाला कोणत्या बाटलीतून टोचलं हे सांगता येत होतं, म्हणून. नाहीतर १०७ पैकी १९ मेले एवढंच हातात राहिलं असतं. आज आपण ज्याला ‘ट्रेसेबिलिटी’ म्हणतो आणि ज्याच्या नावावर सॉफ्टवेअर विकली जातात, ती गोष्ट १९०२ साली एका बाटलीवरच्या चिठ्ठीने केलेली होती.

पण चिठ्ठीने अर्धंच काम केलं. बाटली दूषित होती हे ठरलं. ती कुठे दूषित झाली, परळला की मुल्कोवालला? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. परळला काय घडत होतं ते सविस्तर तपासता आलं, कारण प्रयोगशाळेत पद्धती ठरलेल्या होत्या. त्यात असं दिसलं की पंजाबची प्रचंड मागणी पुरी करायला हाफकिननी पद्धत बदलली होती. आधी लशीत कार्बोलिक आम्ल घालत, ते सोडून आता फक्त उष्णतेवर भर होता. आयोगाला हेच कारण पुरेसं वाटलं. हाफकिन निलंबित झाले आणि इंग्लंडला परतले.

मुल्कोवालच्या बाजूला काय होतं? एक चिमटा. बाटलीचं बूच काढायला वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या पाण्यात फक्त खळबळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. पण चिमटा पडल्याची ही गोष्ट साक्षीतून आली. ती कुठल्या वहीत नव्हती, आणि असणार तरी कशी, चिमटा उकळला की नाही हे लिहायची वही कुणाकडेच नव्हती. चौकशीची कागदपत्रं कित्येक वर्षं लोकांपुढे आली नाहीत. ती आल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू घेतली आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. ते परतले, पण परळला नाही, कलकत्त्याला. नावाची संस्था मुंबईत झाली, माणूस मात्र मुंबईला कायमचा मुकला.

मला यात हाफकिनवरच्या अन्यायाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे नोंद होती त्याच्यावर ठपका आला. परळची पद्धत कागदावर होती म्हणून तिच्यात चूक शोधता आली. मुल्कोवालला कागदच नव्हता, म्हणून तिथे शोधण्यासारखं काही ‘नव्हतं’. कुठल्याही रुग्णालयात नोंदी वाढवायचं म्हटलं की सिस्टर लोक का कुरकुरतात, हे समजून घ्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा. नोंद करणारा माणूस सापडतो. न करणारा सुटतो.

आता यंत्राकडे येऊ. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह हे पाश्चरचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये बनवलं. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचंच. दोघांचा पूर्वज एकच, १६७९ चा डेनी पापँचा ‘डायजेस्टर’. बर्लिनमध्ये कुर्ट शिमेलबुश या तरुण सर्जनने भोकं असलेला धातूचा डबा वापरात आणला, म्हणजे आपल्या ओटीतला ‘ड्रम’. ड्रमच्या बाजूला सरकत्या खिडक्या असतात. आत घालताना उघड्या ठेवायच्या, वाफ आत जाते. बाहेर काढल्याबरोबर बंद करायच्या. शिमेलबुश पस्तिशीतच वारले, १८९५ मध्ये. त्यांचा डबा त्यानंतर शंभरेक वर्षं तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यात नांदला. मोठ्या शहरांत पाऊच आणि रॅप आले, ड्रम मागे पडला. गावाकडे तो अजून संपलेला नाही.

आणि ड्रमसुद्धा चैनच म्हणायची. तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर विचारून बघा. घरी येणाऱ्या डॉक्टरांची स्टीलची डबी, त्यातली काचेची सिरिंज, आणि चुलीवर किंवा स्टोव्हवर उकळणारं पाणी. १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातही सुरुवातीला पुन्हा वापरायच्या सिरिंजा होत्या आणि त्या निर्जंतुक करायला प्रेशर कुकर होते. एकदाच वापरून आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंजा सरकारी लसीकरणात यायला २००५ नंतरचा काळ उजाडला. म्हणजे वीसेक वर्षं आरोग्य उपकेंद्रांत किती वेळा कुकर लावला, किती शिट्ट्या झाल्या, किती मिनिटं ठेवला, याचा विश्वास फक्त नर्सबाईंवर होता. मी हे टीका म्हणून सांगत नाही. कागद नव्हता एवढंच सांगतेय.

तर १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड प्रेशर, साधारण १५ ते ३० मिनिटं, सामान काय आहे त्यावर. हा आकडा मराठीतल्या प्रत्येक नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पाठ असतो. पण त्यात एक गोम आहे. काट्यावर दिसतं ते प्रेशर. जंतू मरतात ते वाफेच्या तापमानाने. आत हवा अडकून राहिली तर काटा १५ दाखवतो आणि तापमान मात्र तेवढं चढत नाही. आजरा घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे इथे पाणी खाली सावंतवाडीपेक्षा थोड्या कमी तापमानालाच उकळतं आणि काट्यावरच्या त्याच १५ पौंडाला आतलं तापमान एखाद्या अंशाने कमी भरतं. हा फरक लहान आहे, त्याने घाबरून जाऊ नका. हवा अडकण्याचा फरक मात्र लहान नसतो. एडिंबरामध्ये बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये हवा नीट निघते का हे टेपने तपासायची चाचणी प्रसिद्ध केली, ती यासाठीच. आजही व्हॅक्यूमचं यंत्र असलेल्या रुग्णालयात सकाळचा पहिला लोड ‘बोवी-डिक’चा असतो.

इथे डेव्हनपोर्टची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ‘मशीननेच नोंद केली की भानगड मिटली’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

१९७२ चा मार्च, इंग्लंडमधल्या प्लिमथचं रुग्णालय, त्याचा डेव्हनपोर्ट विभाग. सलाइनसारखं शिरेतून द्यायचं डेक्स्ट्रोजचं द्रावण दिल्यावर रुग्ण अचानक ढासळू लागले. बाटल्या पाहिल्या तर त्यांत जंतू वाढलेले. पाच रुग्णांच्या मृत्यूशी या बाटल्यांचा संबंध जोडला गेला. क्लोदियर समितीने चौकशी केली. बाटल्या आदल्या वर्षी कारखान्यात तयार झाल्या होत्या आणि त्यांचा एक भाग ऑटोक्लेव्हच्या तळाशी, हवा अडकलेल्या जागी राहिला होता. वरच्या बाटल्या निर्जंतुक झाल्या, खालच्या नाहीत.

आता गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली. त्या ऑटोक्लेव्हला तापमान आपोआप कागदावर नोंदणारं यंत्र होतं. त्या दिवशीच्या आलेखात तापमान चढलेलंच नव्हतं. कागद खरं बोलत होता. पण काम करणाऱ्यांना वाटलं, रेकॉर्डरच बिघडलाय. दुसरे काटे ठीक दाखवत होते, त्यांवर विश्वास ठेवून माल पुढे गेला. नोंद होती. ती माणसाने लिहिलेली नव्हती, त्यामुळे खोटी असायचं कारण नव्हतं. फक्त ती वाचून थांबायचा अधिकार आणि सवय कुणाला नव्हती.

म्हणून मी ‘कागदाकडून डिजिटलकडे’ हा वाक्प्रचार जपून वापरते. यंत्राने आपोआप लिहिलेली नोंद कागदावरही होती, गोल फिरणाऱ्या तक्त्यावर शाईच्या निबने. आणि मोबाइलवर हाताने भरलेला फॉर्म हा डिजिटल असूनही माणसाचीच नोंद असतो. फरक कागद आणि स्क्रीनमध्ये कमी आहे. कोण लिहितं, केव्हा लिहितं आणि लिहिलेलं बघून लोड कोण अडवतं, यात जास्त आहे.

हाताच्या रजिस्टरचा स्वभाव तुम्हाला ओळखायचा असेल तर आकडे वाचू नका, शाई वाचा. आठवडाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणात, आणि प्रत्येक लोड बरोबर ‘१०.००’ ला सुरू आणि ‘१०.३०’ ला बंद असेल, तर ते रजिस्टर आठवड्याने भरलेलं आहे. वेळा १०.०७, १०.४१ अशा वेड्यावाकड्या असतील, मध्येच पेन बदललं असेल, पानावर पाण्याचा डाग असेल, तर तिथे कुणीतरी खरंच उभं होतं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला डाग आवडतात.

आणि ‘शेरा’ नावाचा शेवटचा रकाना. सगळं रजिस्टर एकीकडे आणि हा रकाना एकीकडे. ‘लाईट गेली, पुन्हा लावला.’ ‘गॅस्केट गळते, कळवले.’ ‘पाणी नाही.’ महाराष्ट्रातल्या भारनियमनाचा इतिहास लिहायचा असेल तर वीज मंडळाच्या वेळापत्रकाइतकंच या रकान्यात सापडेल, कारण मधेच वीज गेली तर उरलेली दहा मिनिटं नंतर देऊन भागत नाही. लोड पहिल्यापासून लावावा लागतो. बाळंतपणाचा ट्रे थांबलेला असताना पहिल्यापासून म्हणजे काय, हे लेबर रूममधल्या सिस्टरला विचारा.

डिजिटलचा जोर मोठ्या रुग्णालयांत कुठून आला? एक मोठा धक्का ब्रिटनचा होता. १९९६ मध्ये तिथे ‘मॅड काऊ’शी जोडलेला मेंदूचा आजार माणसांत जाहीर झाला. त्याला कारण असलेली प्रथिनं नेहमीच्या ऑटोक्लेव्हलाही दाद देत नाहीत. त्यामुळे प्रश्न असा उभा राहिला की आजारी रुग्णावर वापरलेली अवजारं त्यानंतर कुणाकुणावर वापरली गेली? लोड नंबरची वही एकीकडे आणि रुग्णाचा कागद दुसरीकडे असताना याचं उत्तर हजारो पानं उलटल्याशिवाय देता येत नाही. प्रत्येक सेटला बारकोड, तो वापरताना रुग्णाच्या नोंदीला जोडायचा, ही पद्धत रुजायला या भीतीने मोठा हातभार लावला. म्हणजे ५३-एनची चिठ्ठी आता चिमट्याला लागली.

आपल्याकडचा धक्का वेगळा होता. आणि इथे मला माझ्या कामातली एक अडचण सांगू द्या. इंग्रजी शब्द ‘स्टरिलायझेशन’ घेऊन कुठल्याही संग्रहात शोधायला बसा, पहिली शेकडो पानं नसबंदीची येतात. मराठीने दोन शब्द ठेवून माझ्यावर उपकार केलेत. पण एका ठिकाणी दोन्ही अर्थ भयंकर रीतीने एकत्र येतात. नोव्हेंबर २०१४, छत्तीसगडमधलं बिलासपूर. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी झाली आणि त्यातल्या किमान १३ जणी दगावल्या. अवजारांमुळे जंतुसंसर्ग झाला की दिलेल्या गोळ्यांत विष होतं, यावर वाद पेटला. मुल्कोवालचाच प्रश्न, ११२ वर्षांनी. दूषित काय होतं, आणि कुठे झालं? सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शिबिरांची पद्धतच तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. अशा वेळी दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये अवजार किती मिनिटं कशात होतं याची लोडवार, रुग्णवार नोंद असती, तर निदान वादाचा अर्धा भाग कागदावर मिटला असता.

सरकारी रुग्णालयांत नोंदींची शिस्त यायला २०१३ ची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं, २०१५ चं ‘कायाकल्प’ आणि २०१७ चं लेबर रूमसाठीचं ‘लक्ष्य’ यांनी बराच हातभार लावला. तपासणीला येणारी टीम ऑटोक्लेव्ह रजिस्टर मागते, सिग्नलॉकच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत का बघते. पट्टीचा रंग बदलला म्हणजे ती वाफेतून गेली एवढंच कळतं. जंतू मेले का, हे बीजाणूंच्या कुपीची चाचणी सांगते. तिची नोंद किती ठिकाणी नियमित असते, हे बघण्यासारखं आहे.

२०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं. पण त्यात रुग्णाचा कागद डिजिटल होतो. ऑटोक्लेव्हच्या खोलीतली वही त्या वाटेवर सगळ्यात शेवटी उभी आहे. सध्या अनेक ठिकाणी जे ‘डिजिटल’ असतं ते म्हणजे रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. हसू नका. त्या फोटोला वेळ असते आणि ती मागाहून भरता येत नाही. आठवड्याने एकदम भरलेल्या रजिस्टरवर हा अगदी स्वस्तातला उपाय आहे, आणि एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा आजऱ्यासारख्या ठिकाणी तो जास्त दिवस टिकेल असं माझं मत आहे. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहायला लागले, हे आपण पाहिलंय. ज्यांनी वह्या जपल्या होत्या त्यांना निदान वही होती.

नव्या ऑटोक्लेव्हला छोटा प्रिंटर असतो, एटीएमच्या पावतीसारखी पट्टी निघते. ती थर्मल कागदावर असते आणि कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ऑटोक्लेव्हच्याच गरम खोलीत ठेवली तर काही महिन्यांत कोरी होते. म्हणून तिची झेरॉक्स काढून रजिस्टरला चिकटवतात. म्हणजे यंत्राने केलेली नोंद टिकवायला पुन्हा वही. शिवाय यंत्राच्या आतली बॅटरी संपली की त्याचं घड्याळ भलत्याच सालात जातं. ‘मशीन खोटं बोलत नाही’ हे खरं, पण आज तारीख काय आहे हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं.

एवढं सगळं सांगूनही मी डिजिटलच्या विरोधात नाही. तुम्ही रुग्ण असाल तर तुमच्या केसपेपरवर लोड नंबर असणं तुमच्या हिताचं आहे, आणि हाताच्या वहीत तो दुवा फार क्वचित टिकतो. संसर्ग झाला तर त्याच लोडमधले बाकीचे रुग्ण दहा मिनिटांत शोधता येणं ही साधी गोष्ट नाही. मुल्कोवालला ते करता आलं म्हणूनच आज आपण त्याबद्दल बोलू शकतो. माझी काळजी दोन गोष्टींची आहे. पहिली म्हणजे नव्या फॉर्ममध्ये ‘शेरा’ हा रकाना जातो. त्याच्या जागी यादी येते: ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’. ‘लाईट गेली, पुन्हा लावला’ हे त्या दोन्हीत बसत नाही, मग सिस्टर ‘यशस्वी’वर बोट ठेवते, कारण शेवटी ते यशस्वी झालेलं असतंच. गॅस्केट तीन महिने गळत होतं हे मग कुठेच राहत नाही. फॉर्म बनवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याने हे वाचलं, तर त्याला एवढंच सांगणं आहे की शेवटी एक मोकळी जागा ठेव, आणि ती मराठीत लिहिता येऊ दे.

दुसरी काळजी जुन्या वह्यांची. सरकारी दप्तराचं वर्गीकरण असतं, ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ड’ वर्ग वर्षभराचा, मधले मधल्या मुदतीचे. ऑटोक्लेव्हचं रजिस्टर कायम ठेवायची गोष्ट आहे असं कुणालाच वाटत नाही. संगणक आला की खोली रिकामी करतात आणि पहिल्यांदा याच वह्या रद्दीत जातात. सीपीआर १८८० च्या दशकात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून उभं राहिलं, तेव्हाची इमारत कोल्हापुरात कुणीही दाखवेल. त्या इमारतीतले चिमटे कशात आणि किती वेळ उकळले जायचे, हे दाखवणारी वही मला अजून शोधायची आहे.

आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या भागात १९६० ते १९९० या काळात ओटीत, लेबर रूममध्ये किंवा उपकेंद्रात काम केलेल्या सिस्टर, कंपाउंडर, ओटीतले मामा आणि मावशी तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांना माझ्या वतीने तीन गोष्टी विचारा. उकळायला किती वेळ ठेवायचे आणि तो घड्याळावर बघायचे की अंदाजाने? प्रेशर आलं नाही तर पुढचं ऑपरेशन थांबवायचं कोण ठरवायचं? आणि ते कुठे लिहायचे? तिसऱ्याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं तरी चालेल, पण ते कोणत्या सालापर्यंत, हे जरूर विचारा.